हॉट रॉड विकत घेताना: रंग शेवटी बघा, नंबर आधी

कॅलिफोर्नियात पोमोनाच्या फेअरप्लेक्स मैदानावर जुन्या गाड्यांचा बाजार भरतो. उजाडायच्या आत लोक टॉर्च घेऊन फिरायला लागतात. तिथे एका लालभडक १९३२ फोर्डसमोर मी उभा राहिलो आणि पाचव्या मिनिटाला मनातल्या मनात दसऱ्याचा झेंडूचा हार तिच्या रेडिएटरला घालून मोकळा झालो. ती गाडी मी घेतली नाही. कारण त्याआधी एक घेऊन पस्तावलो होतो.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढून फेकायची, इंजिनाचा दम वाढवायची आणि म्युरॉक, एल मिराज अशा आटलेल्या तळ्यांवर पळवायची. अशी गाडी म्हणजे हॉट रॉड. त्यातली सगळ्यांची लाडकी १९३२ ची फोर्ड, शेवटच्या दोनवरून ‘ड्यूस’. स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन पहिल्यांदा मिळालं ते हिच्यात: २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर. शिवाय हिच्या चेसिसला बाहेरून पत्रा दाबून काढलेली एक सुरेख पट्टी आहे, त्यामुळे मडगार्ड काढलं तरी गाडी उघडीबोडकी वाटत नाही.

आता ‘रिस्टोअर्ड अँड कस्टमाइज्ड’ या जाहिरातीच्या शब्दांकडे बघा. रिस्टोअर म्हणजे कारखान्यातून निघाली तशी. कस्टम म्हणजे मालकाला आवडली तशी. दोन्ही एकदम कसं जमणार? अशी गाडी फोर्डने कधी बनवलीच नव्हती. तुम्ही विकत घेता ते कुणा एकाच्या हातचं काम. तो हात कसा होता, एवढंच शोधायचं आहे.

पहिली पायरी फोनवर. ‘ऑल स्टील’ म्हटलं म्हणून बॉडी जुनी असेलच असं नाही; १९३२ च्या नव्या पत्र्याच्या बॉड्या आजही बनतात. मूळ फोर्डच्या पत्र्याला इथले लोक ‘हेन्री स्टील’ म्हणतात. फायबरग्लासची बॉडी वाईट नसते, फक्त तिची किंमत पत्र्याची नसावी. ‘चॉप्ड’ म्हणजे टप कापून बुटका केलेला, ‘चॅनल्ड’ म्हणजे बॉडी चेसिसवर खाली उतरवलेली. दोन्ही केलेलं असेल तर बसून बघितल्याशिवाय बोलणी नकोत. माझ्या साडूचे गुडघे डॅशबोर्डच्या वर येत होते. मग एकच प्रश्न विचारा: रंगाआधीचे, उघड्या पत्र्याचे फोटो आहेत का? ज्याने काम मनापासून केलंय तो पन्नास फोटो पाठवतो. बाकीचे विषय बदलतात.

दुसरी पायरी गाडीचा ओळख नंबर, आणि खरी मेख इथेच आहे. आजचा १७ अक्षरी नंबर अमेरिकेत १९८१ पासून आला. १९३२ च्या फोर्डचा नंबर डाव्या चेसिस रेलच्या (सांगाड्याच्या लांब पट्टीच्या) वरच्या बाजूला ठोकलेला असतो, तीन ठिकाणी. त्यातला फक्त पुढचा, स्टिअरिंग बॉक्सजवळचा, बॉडी न उचलता दिसतो. व्ही-८ असेल तर तो १८ ने सुरू होतो आणि दोन्ही टोकांना चांदणी असते. रॉकेलचा बोळा फिरवा, टॉर्च आडवा धरा, म्हणजे अक्षरांच्या कडांना सावली पडते. आता टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचा आणि जुळवा. बरीच जुनी टायटलं इंजिनाच्या नंबरावर काढलेली असतात, आणि ते मूळ इंजिन केव्हाच भंगारात गेलेलं असतं. तसं असेल तर पैसे देण्याआधी तुमच्या राज्याच्या वाहन खात्यात जाऊन विचारा. नंबर घासलेला किंवा नव्याने ठोकलेला निघाला तर अनेक राज्यांत पोलीस गाडी जप्त करू शकतात, मग तुम्ही कितीही सज्जन असा.

टायटलवर विकणाऱ्याचंच नाव आहे ना, कर्ज फिटलंय ना, तेही तिथेच बघा. चेसिस नवीन असेल तर टायटलवर वर्ष कोणतं लिहिलंय ते वाचा. १९९८ साली जोडलेली गाडी १९३२ ची म्हणून नोंदवलेली असली तर ती भानगड उद्या तुमच्या गळ्यात येते. पोमोनाच्या लाल गाडीत माझं घोडं इथेच अडलं: टायटलवर एक नंबर आणि रेलवर ताजं, गुळगुळीत ग्राइंडिंग. मालक म्हणाला, “अहो, जुन्या गाड्यांचं असंच असतं.” मी त्याला नमस्कार केला आणि कॉफी प्यायला गेलो.

तिसरी पायरी, गाडीखाली आडवं व्हा. जुनी चादर सोबत न्या. वेल्डिंग सलग, एकसारख्या खवल्यांचं हवं. चिखलाचे गोळे थापल्यासारखं दिसलं तर उठा. स्टिअरिंगच्या प्रत्येक खाचवाल्या नटात कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) आहे का, ब्रेकचा पाइप सायलेन्सरला घासतोय का, बघा. पुढे फोर्डच्या मस्टँग-टू गाडीच्या पद्धतीचं, दोन्ही चाकं वेगवेगळी हलणारं सस्पेन्शन असलं तर गाडी आजच्या गाडीसारखी वळते. जुना आय-बीम अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा, देखणा असतो, पण खड्ड्यात त्याचा हिशेब पाठीला द्यावा लागतो. १९३२ च्या फोर्डला ब्रेक मेकॅनिकल होते, फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये दिले. म्हणजे इथे जे काही बसवलंय ते नंतरचं. पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. पाय हळूहळू खाली जायला लागला तर मास्टर सिलिंडर गळतोय. मास्टर सिलिंडर दोन सर्किटचाच हवा. एका पाइपवर जीव टांगण्याइतकी हौस बरी नव्हे.

हे सगळं लक्षात ठेवणं जड वाटत असेल तर नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशन २३ मुद्द्यांची सुरक्षा तपासणी करते. ती यादीच हातात धरा.

मग बॉडी. फ्रिजवर चिकटवतात तो कमजोर लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून न्या. ताकदवान चुंबक जाड लांबीवरूनही (पत्र्याचे खड्डे बुजवायच्या पुट्टीवरूनही) ओढ घेतो आणि फसवतो. दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकाभोवतीचा भाग, टप कापून जोडलेले खांब, इथे चुंबक सुटून पडला की आत लांबी भरलीय समजा. पातळ थर चालतो. माझ्या पहिल्या गाडीच्या दारात बोटभर जाड लांबी होती, पहिल्याच उन्हाळ्यात तिला भेग पडली आणि आतून गंजाचं पाणी ओघळलं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

इंजिन थंड असताना सुरू करायचं. पोहोचल्या पोहोचल्या रेडिएटरवर हात ठेवा; गरम लागला तर मालकाने तुम्ही यायच्या आधी गाडी फिरवून आणलीय. का, ते विचारा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, न विरणारा पांढरा म्हणजे पाणी आत जातंय. फोर्डचं जुनं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन असेल तर तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. त्याची एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच जाते, त्यामुळे ते तापतं आणि ब्लॉकला तडे जातात. बहुतेक गाड्यांत शेव्हरलेचं ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८ बसवलेलं असतं. फोर्डभक्त नाकं मुरडतात, पण पार्ट कुठेही मिळतात.

फेरी मारताना हायवेपेक्षा सिग्नलच्या गर्दीत वीस मिनिटं घालवा. काटा तिथेच चढतो. टायर नवे दिसतील, कारण गाडी फारशी पळतच नाही. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. असे टायर बदलायचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.

भाव करताना लाजू नका. बांधायला लागलेला खर्च विकताना सहसा निघत नाही, हे मालकालाही ठाऊक असतं. विमा मात्र आधी ठरलेल्या किमतीचा घ्या. बाजारभावाने भरपाई देणारा साधा विमा इथे निरुपयोगी.

पुण्याहून भाच्याचा ठरलेला प्रश्न येतो: मामा, इकडे आणता येईल? आणून नोंदवायची म्हणशील तर २०२१ च्या नियमांप्रमाणे भारतात व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी; चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. हॉट रॉडमध्ये नेमकं तेच तिन्ही बदललेलं असतं. तेव्हा भाच्याला मी विमानाचं तिकीट काढायला सांगितलंय.