होल उलटा वाचा: आधी ग्रीन, मग टी

गोल्फमध्ये टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की बहुतेकांचा हात ड्रायव्हरकडे, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबकडे (काठीकडे), जातो. होल म्हणजे टीपासून खड्ड्यापर्यंतचा अख्खा पट्टा. माझा खिशातल्या स्कोअरकार्डकडे जातो आणि सोबतचे कंटाळतात. कंटाळू देत. माझा हँडिकॅप (मिळणारी फटक्यांची सवलत) 18 आहे, म्हणजे दर होलला एक फटका जास्तीचा. पार 4, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल, माझ्यापुरता पार 5च झाला. तिसऱ्या फटक्यात ग्रीन (खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) गाठलं तरी चालतं, हे एकदा मनाशी ठरलं की होल वेगळाच दिसायला लागतो.

सुरुवात ग्रीनपासून करायची. पिन (खड्ड्यातला झेंडा) कुठे आहे, यापेक्षा चेंडू कुठल्या बाजूला गेला तर निभावेल, ते आधी पाहा. पिन उजवीकडे बंकरला (वाळूच्या खड्ड्याला) खेटून असेल, तर उजवीकडे चुकणं महागात पडतं: वाळूवरून चेंडू उचलायचा आणि पलीकडे तो थांबायला जागाच नाही. डावीकडे गेलात तर पुढ्यात अख्खं ग्रीन, साधी चिप (छोटा, बुटका फटका). म्हणून नेम मध्यावर, फार तर डावीकडे. ग्रीन मागून पुढे उतरतं असेल तर पिनच्या खालीच राहा. चढावरचा लांब पुट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) परवडतो, उतारावरचा छोटासुद्धा घाम फोडतो.

अमेरिकेतल्या ऑगस्टा मैदानाचा बारावा होल जेमतेम 155 यार्डांचा, पार 3. 2019 च्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवशी तिथे मोलिनारी आणि केप्का या खेळाडूंचे चेंडू ग्रीनपुढच्या ओढ्यात गेले. टायगर वूड्सनं उजवीकडच्या पिनचा मोह सोडला, चेंडू ग्रीनच्या डाव्या अंगाला टाकला, दोन पुट मारून पार घेतला. स्पर्धाही त्यानंच जिंकली. आपण मात्र शनिवारच्या राउंडला पिनवर तुटून पडतो!

मग पाहायचं, ग्रीनवर मारायला कुठून सोपं. समजा होल 480 यार्डांचा, पार 5. ड्रायव्हर 220 गेला, 260 उरले. फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) मोकळा असेल तर खुशाल वूड (लांब मारणारा क्लब) मारून जेवढं जवळ जाता येईल तेवढं जा. पण ग्रीनच्या अलीकडे साठ यार्डांवर बंकर असतील तर 160 यार्डांचा आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) घ्या आणि पूर्ण वेजचे (जवळून उंच मारायच्या क्लबचे) शंभर यार्ड ठेवा. अडथळा असेल तर एकूण अंतर नव्हे, कॅरी, म्हणजे चेंडू हवेत कापतो ते अंतर, मोजा. चेंडू पाण्यावरून घरंगळत जात नाही.

आता टी. धोका उजवीकडे असेल तर चेंडू उजव्या मार्करजवळ (टीच्या दोन खुणांपैकी उजवीजवळ) लावा, म्हणजे नेम आपोआप धोक्यापासून दूर, डावीकडे लागतो. मार्करच्या रेषेवरच लावायला हवा असंही नाही, दोन क्लब लांबीपर्यंत मागे सरकता येतं. पायाखाली सपाट जागा मिळाली तर जरूर सरका.

खुंट्यांचे रंग बघून घ्या. पांढऱ्यापलीकडे, म्हणजे मैदानाबाहेर, चेंडू गेला तर एक फटका दंड आणि पुन्हा जुन्याच जागेवरून. लाल खुंट्यांच्या भागात (पाणी वगैरे दंडाच्या जागी) गेला तर दंड एकच, आणि जिथून आत गेला तिथून दोन क्लब लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, ड्रॉप करता (हातानं टाकता) येतो. डावीकडे लाल आणि उजवीकडे पांढऱ्या असतील तर मी डोळे मिटून डावीकडे झुकतो. पांढऱ्याकडे गेल्याची शंका आली तर लगेच प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा चेंडू) मारा, शोधायला मिळतात फक्त तीन मिनिटं.

पार 3 वर एक क्लब मोठा (जास्त लांब मारणारा) घ्या, बास. बहुतेक ठिकाणी संकट ग्रीनच्या अलीकडेच असतं आणि आपण आपल्या सर्वोत्तम फटक्याचं अंतर धरून बसतो. झाडांत अडकलात तर आडवा फटका मारून फेअरवेवर या. फांद्यांमधली फट दुरून दिसते तेवढी रुंद नसते.

मॅच प्लेमध्ये (होलगणिक समोरासमोरच्या लढतीत) मात्र हे सगळं समोरच्याच्या चेंडूवर ठरतं. तो पाण्यात गेला तर ड्रायव्हर बॅगेत, मध्यावर आयर्न. तो पिनला चिकटला असेल आणि मॅचमध्ये मागे असाल, तर तेवढ्यापुरता पिनवर नेम धरायला माझी हरकत नाही.