मृगाआधी सक्युलंटची छाटणी: घाव वाळल्याशिवाय कांडी मातीत लावू नये

रोहिणी नक्षत्र लागले आहे आणि मृगाला जेमतेम दोन आठवडे उरले आहेत. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. ज्यांना घरातील जेड, सेडम, इचेव्हेरिया किंवा कलांचो अशी सक्युलंट, म्हणजे पानांत-खोडांत पाणी साठवणारी रसाळ झाडे, छाटून रोपे वाढवायची आहेत, त्यांनी हे काम येत्या चार-पाच दिवसांत उरकावे. जाड खोडाचे निवडुंग मात्र आता मुळीच कापू नयेत, कारण त्यांचा घाव वाळायला दहा ते पंधरा दिवस लागतात आणि तेवढी कोरडी हवा आता हाताशी नाही. कोकण किनारपट्टीवर हवेत आधीच दमटपणा भरलेला असल्याने तेथे सर्वच छाटणी ऑक्टोबरच्या उघडिपीपर्यंत थांबवलेली बरी.

दरवर्षी जूनअखेर लोक बुडाशी काळ्या पडलेल्या, बोटाने दाबताच पाणी सुटणाऱ्या कांड्या घेऊन येतात आणि माती वाईट होती का, खत जास्त झाले का, असे विचारतात. मी प्रत्येकाला एकच विचारतो, की कापल्यानंतर किती दिवसांनी लावली? बहुतेकांचे उत्तर असते, ‘लगेच लावली आणि पाणीही घातले.’ गेल्या पावसाळ्यात एका बचत गटाच्या महिलांनी विक्रीसाठी भरलेले जेडचे सगळे ट्रे याच एका कारणाने गेले. मातीही उत्तम होती आणि मेहनतही पुरेपूर होती.

ही चूक आळसातून होत नाही, चांगल्या सवयीतून होते. उसाचे बेणे ताजे लावावे, गुलाबाची किंवा जास्वंदीची फांदी सुकू देऊ नये, हे आपल्या हातांना पक्के ठाऊक असते. सक्युलंटला मात्र हा नियम उलटा लागू पडतो. त्याच्या पानांत आणि खोडात आठवडेच्या आठवडे पुरेल इतके पाणी असते, त्यामुळे कांडी सुकून मरण्याची भीती जवळजवळ नसते. उघडा, रसाळ घाव ओल्या मातीला टेकला, की पिथियम, फ्युजेरियम यांसारख्या बुरशी आणि मऊ कूज करणारे जिवाणू थेट आत शिरतात. तोच घाव कोरड्या सावलीत ठेवला, तर वरच्या पेशी वाळून त्यांवर बुचासारखा थर धरतो. यालाच आपण साध्या भाषेत खपली धरणे म्हणतो, आणि मुळे फुटतात ती बहुधा या खपलीच्या कडेने किंवा वरच्या पेऱ्यांतून.

कोरड्या हवेत सेडम आणि बारीक पानांच्या जेडला खपली धरायला दोन ते तीन दिवस लागतात. जाड पानांचा जेड आणि इचेव्हेरियाचा शेंडा चार ते सात दिवस घेतो. हवा दमट असेल तर हे दिवस सरळ दुप्पट धरावेत. दिवस मोजण्यापेक्षा घाव तपासणे अधिक खात्रीचे आहे: टिपकागदाचा तुकडा घावावर दाबावा आणि कागदाला ओल लागली, तर कांडी आणखी दोन दिवस ठेवावी. नखाला तो भाग कडक, कोरडा लागला म्हणजे काम झाले. माझा आणखी एक अनुभव असा, की सकाळचे ऊन चांगले तापल्यावर कापलेल्या कांड्या सायंकाळी कापलेल्यांपेक्षा लवकर खपली धरतात. याला प्रयोगाचा आधार नाही, पण मी तसेच करतो. वाळवण सावलीतच करावी. विदर्भात पारा ४३-४४ अंशांवर असताना उन्हात ठेवलेली पाने वाळत नाहीत, भाजतात.

छाटणीची नेहमीची कामे:
- मातृरोपाला चार-पाच दिवस आधी पाणी बंद.
- धारदार पाते, प्रत्येक रोपानंतर स्पिरिटने पुसून.
- पेऱ्याच्या किंचित खाली काप.
- खालची दोन-तीन पाने काढणे.
- कांड्या जाळीवर किंवा कागदावर, एकमेकींना न चिकटवता.
- उरलेल्या खुंटालाही आठवडाभर पाणी नाही.

प्रत्येक रोपाची रीत सारखी नसते. इचेव्हेरियाचे पान कापू नये, हलकेच पिरगळून बुडासकट काढावे, कारण बूड तुटलेल्या पानातून रोप उगवत नाही. स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे लावताना खालची बाजू खालीच राहिली पाहिजे, म्हणून कापतानाच तिकडे खूण करावी. पिवळ्या काठाच्या जातीचे तुकडे लावल्यास नवी रोपे साधी हिरवी निघतात, तेव्हा तिचे गड्डेच वेगळे करावेत. कोरफडीचे पान कितीही जपले तरी रुजत नाही, तिची पिल्ले काढावीत. अडेनियम कांडीपासून जगते, पण त्याचे बूड बियांच्या रोपासारखे फुगत नाही. पानफुटीला तर काहीच करावे लागत नाही, फक्त शेळ्या-गुरांच्या तोंडी ती जाऊ देऊ नये, कारण ती त्यांना विषारी आहे. अडेनियम आणि शेर या झुडपांचा चीक डोळ्यांना घातक असतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि चीक पाण्याने धुऊन मगच कांडी वाळवावी.

दुकानात गेल्यावर मूळवाढीची पावडर, टॉनिक आणि ‘खास सक्युलंटची माती’ अशा तीन पिशव्या हातात ठेवल्या जातात. मूळवाढीच्या संजीवकाचा उपयोग डाळिंबासारख्या कठीण लाकडाच्या झाडांना आहे. जेडला तो खर्च करू नये. तयार मातीत बहुधा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसाच भरलेला असतो आणि तो पावसाळ्यात दिवसेंदिवस ओल धरून ठेवतो. त्याऐवजी एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत आणि दोन भाग जाड वाळू किंवा वाटाण्याएवढे विटांचे तुकडे घ्यावेत. समुद्राची वाळू वापरू नये. घावाला राख किंवा हळद लावण्याची पद्धत मीही पाळतो, पण ती वाळवणीला पर्याय नाही.

लावणीनंतर पहिले पाच-सात दिवस पाणी देऊ नये. कांडी अलगद ओढल्यावर अडकल्यासारखी वाटली, की मुळे धरली असे समजून पाणी सुरू करावे.

रोग-किडी:
- पिठ्या ढेकूण: स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसणे, नंतर ५ टक्के निंबोळी अर्क.
- मातीत कूज दिसल्यास: कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम, आळवणी (मुळांशी ओतणे).
- शेजारच्या कुंड्या लगेच दूर.

बूड मऊ झालेल्या रोपावर औषध ओतत बसू नये. निरोगी भाग लागेपर्यंत वर-वर काप घ्यावेत आणि प्रत्येक वेळी पाते पुसावे. कापाच्या मध्यभागी तपकिरी ठिपका दिसत असेल, तर कूज अजून आत आहे. स्वच्छ काप मिळाला, की तो शेंडा नव्या कांडीसारखाच वाळवावा.

घाव ओला असतानाच पाऊस आला, तर घाईने लावणी करू नये. कांड्या घरात आणून कागदावर पसराव्यात, शक्य तर पंख्याच्या वाऱ्यात, आणि लांब कांड्या रिकाम्या कुंडीत उभ्या ठेवाव्यात, कारण आडव्या ठेवल्यास शेंडे वर वळून वाकडे होतात. जेडची कांडी अशी तीन आठवडे विनामाती सहज राहते, थोडी सुरकुतते एवढेच. त्या सुरकुत्या पाहून तिला पाणी देऊ नये.