ॲव्होकाडो तळहातावर धरून कापू नका

दर ऑगस्टला आमच्या कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये दोन-तीन नवी मराठी बिऱ्हाडं येतात, आणि महिन्याभरात कुणीतरी विचारतंच, "ताई, ॲव्होकाडो कडू का लागतं?" कच्चं कापलंत, नाहीतर भाजीत टाकून रटरट उकळलंत, आणखी काय!

हे फळ झाडावर पिकत नाही, उतरवल्यावरच पिकतं. म्हणजे आंब्यासारखी अढी लावा. पेंढा कुठून आणणार? खाकी कागदी पिशवीत एका केळ्यासोबत ठेवा. पिकलं की फ्रिजमध्ये. घ्यायचं ते 'हास' जातीचं, खडबडीत सालीचं, पिकताना काळसर होणारं. इथल्याच ला हाब्रा हाइट्समधल्या रुडॉल्फ हास या पोस्टमननं १९३५ साली त्याचं पेटंट घेतलं. फ्लोरिडाची मोठी, गुळगुळीत फळं मला पाणचट लागतात. आणि दुकानात अंगठ्यानं दहा फळं चेपून एकही न घेणारे बहुतेक आपलेच असतात, सांगायलाही लाज वाटते. तळहातात धरून अलगद दाबलं तरी कळतं.

आता कापणं. पहिल्याच हिवाळ्यात मी अर्धं फळ डाव्या तळव्यावर धरलं आणि व्हिडिओत बघितलं होतं तशी कोयीवर सुरी मारली. कोय निसटली, सुरी तळव्यात. टाके पडले. रविवारी रात्री घाबरून इमर्जन्सीत गेले, त्याचं बिल पुण्याच्या परतीच्या तिकिटापेक्षा जास्त. साध्या जखमेला अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ दुखण्यांसाठी आयत्या वेळी जाता येतं तो दवाखाना, पुष्कळ स्वस्त पडतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. (बोट बधिर झालं किंवा वाकेना, तर मात्र पैसे न बघता इमर्जन्सीच.) या जखमेला डॉक्टर 'ॲव्होकाडो हँड' म्हणतात, म्हणजे बघा किती जण कापून घेत असतील! एवढं होऊनही गेल्या वर्षी शेजारच्या मुलानं हेच केलं.

तर फळ धुवा, फळीवर आडवं ठेवा. सुरी कोयीला टेकेपर्यंत घाला आणि सुरी स्थिर ठेवून फळ फिरवा. दोन्ही भाग उलट दिशांना पिळले की सुटतात. कोयीचा भाग फळीवर पालथा ठेवून पुन्हा कोयीपर्यंत चिरा. कोय बोटानं निघते. गर चमच्यानं काढा. विळी आणली असेल तर ती नारळासाठी ठेवा.

लिंबू लगेच पिळा, नाहीतर गर काळा पडतो. कोशिंबिरीत घालणार असाल तर फोडणी निववून वरून ओता. पराठ्याला गर आधी कणकेत चोळा, पाणी मग लागेल तेवढंच. मोहन नको, गरातच स्निग्धता असते. तव्यावर झटपट भाजा.

कापलेलं किंवा अख्खं फळ पाण्यात बुडवून ठेवायची युक्ती रीलवर दिसेल. करू नका, सालीवरचे लिस्टेरियासारखे जंतू त्या पाण्यात वाढू शकतात, असं इथल्या अन्न व औषध प्रशासनानंच बजावलंय.

कोय तुम्ही ग्लासात रुजत घालणारच, सगळेच घालतात. माझं रोप खिडकीत सहा वर्षांचं झालंय. फळाचं नाव नाही.