विशेष शिक्षण आणि वादनिवारण : खान्देशात या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत दिव्यांग मुलांबरोबर काम करू इच्छिणारे बहुतेक तरुण अभ्यासक्रम कोणता, प्रवेश कुठे आणि नोकरी कायम की कंत्राटी, एवढ्या तीनच प्रश्नांची उत्तरे शोधत येतात. हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. परंतु विशेष शिक्षकाचा निम्मा वेळ मुलाबरोबर जातो आणि उरलेला निम्मा त्या मुलाभोवतीच्या मोठ्या माणसांमध्ये जातो, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी सहसा कोणी सांगत नाही. वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, आई-वडील, घरात शब्द चालतो ती आजी आणि वर्गातील इतर मुलांचे पालक यांचे म्हणणे एकमेकांपर्यंत नीट पोहोचवणे हे अलिखित काम त्याच्याकडेच येते. म्हणून विशेष शिक्षण आणि वादनिवारण ही दोन वेगळी क्षेत्रे न मानता त्यांची तयारी एकत्र करावी, असे माझे मत आहे. मात्र क्रम बदलू नये. आधी मान्यताप्राप्त पात्रता आणि नोंदणी, त्यानंतर मध्यस्थीचे प्रशिक्षण.

नोंदणीशिवाय काम नाही

भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ नुसार विशेष शिक्षक हा नोंदणीकृत व्यावसायिक आहे. मान्यताप्राप्त पात्रता मिळवून केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव आल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही, आणि केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही तरतूद लक्षात ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. शहरांत आणि मोबाइलवर ‘विशेष शिक्षण व बालमानसशास्त्र’ अशा भारदस्त नावाची ऑनलाइन प्रमाणपत्रे विकली जातात, आणि त्यांतील बहुतेकांवर नोंदणी क्रमांक मिळत नाही. पैसे भरण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे नाव, त्याच संस्थेतील तोच अभ्यासक्रम आणि आपण प्रवेश घेणार त्या शैक्षणिक वर्षापर्यंतची मान्यता, या तिन्ही गोष्टी स्वतः पाहाव्यात. संस्थेची मान्यता असली तरी विशिष्ट अभ्यासक्रमाची मुदत संपलेली असू शकते.

बारावीनंतर विशेष शिक्षणातील दोन वर्षांची पदविका आणि पदवीनंतर विशेष शिक्षणातील बी.एड. हे आजवरचे दोन मुख्य रस्ते आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शिक्षक प्रशिक्षणाची रचना चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे वळत असल्यामुळे गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मित्राच्या सांगण्यावर न विसंबता चालू वर्षाचे परिपत्रक वाचावे. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम) अशा शाखांपैकी एक निवडावी लागते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणाच्या क्षेत्रात नावाजलेली आहे, आणि शहरात राहून एकाच प्रकारच्या अक्षमतेत खोल जायचे असेल तर अशा ठिकाणी जाणे योग्यच आहे. परंतु परत येऊन शहाद्यात किंवा चोपड्यात काम करायचे असेल, तर तिथे येणारे मूल आपली शाखा पाहून येत नाही. ज्यांचा निश्चय झालेला नाही त्यांनी बौद्धिक अक्षमतेची शाखा घ्यावी आणि सांकेतिक भाषा व ब्रेल यांची प्राथमिक ओळख स्वतंत्रपणे करून घ्यावी, असे मी सुचवीन.

दहावी झालेल्या आणि आधीपासून अंगणवाडी किंवा आशा म्हणून गावात काम करणाऱ्या महिलांसाठी परिषदेने २०२१ मध्ये सुरू केलेला, समुदायाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम उपयोगी आहे. तो पूर्ण करणाऱ्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हटले जाते. घरोघरी जाऊन मूल लवकर ओळखणे, प्रमाणपत्र आणि सवलतींसाठी कुटुंबाला योग्य दारापर्यंत नेणे हे त्यांचे काम आहे. या अभ्यासक्रमाने शिक्षक होता येत नाही, हे संस्थेने सांगितले नाही तरी आपण जाणून असावे.

काम कुठे आहे

सर्वांत मोठे दार ‘समग्र शिक्षा’ या शासकीय शालेय शिक्षण योजनेचे आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रावर नेमलेले समावेशित शिक्षणाचे शिक्षक अनेक शाळांना भेटी देतात आणि शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांच्या घरी जातात. ही पदे वर्षानुवर्षे कंत्राटी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढील स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ग्राह्य धरले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने राज्यांना पदे अधिसूचित करून नियमित भरती करण्यास सांगितले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्र स्तरावर, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटासाठी, विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. याचा अर्थ उद्या जाहिरात येईल असा नाही, पण गेल्या दहा वर्षांपेक्षा आज या पदवीला अधिक आधार आहे. जाहिरातीत शिक्षक पात्रता परीक्षेची अट काय आहे, हे मात्र प्रत्येक वेळी शब्दशः वाचावे.

दुसरे दार अनुदानित आणि विनाअनुदानित विशेष शाळांचे आणि अठरा वर्षांवरील दिव्यांगांच्या कर्मशाळांचे आहे. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात आपल्या जिल्ह्यातील अशा शाळांची माहिती मिळते. तिसरे दार शहरांतील खासगी शाळांचे. तिथे एका मुलासोबत दिवसभर बसणारे ‘शॅडो टीचर’ पालक स्वतः पगार देऊन नेमतात. सुरुवातीच्या वर्षात हा अनुभव चांगला असतो, पण वर्गात मुलाची जबाबदारी कोणाची, सुट्टीचा पगार मिळणार का आणि शिक्षकाने सूचना कोणाकडून घ्यायच्या, हे पालक, शाळा आणि आपण अशा तिघांच्या सहीने आधी लिहून घ्यावे. असे न केल्यास वाद हमखास होतो, आणि त्यात सर्वांत कमजोर बाजू आपली असते.

मुलाची भाषा ओळखणे

खान्देशातील विशेष शिक्षकाला जी कसोटी लागते ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत फारशी नसते. घरी अहिराणी बोलणारे मूल वहीत ‘मला’ऐवजी ‘माले’ लिहिते, तेव्हा ती अध्ययन अक्षमता नसते. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील पावरी वा भिली बोलणारे मूल पहिलीत गप्प राहते, तेव्हा त्याची बुद्धी मंद आहे असे ठरवता येत नाही, कारण त्याला प्रश्नच समजलेला नसतो. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी आई-वडिलांबरोबर गुजरातेत गेलेल्या मुलाचा वाचनातील मागासलेपणा हा गैरहजेरीचाही असू शकतो. म्हणून मूल्यमापन करताना आधी घरच्या बोलीत सूचना द्याव्यात, तेच काम शब्दांशिवाय, वस्तू मांडून करता येते का ते पाहावे आणि हजेरीपट तपासावा, मगच जिल्हा रुग्णालयाकडे तपासणीसाठी पाठवावे. ज्याला अहिराणी, पावरी किंवा भिली येते त्याने ते अर्जात ठळकपणे लिहावे. आपल्याकडे तो संकोचाचा विषय मानला जातो, पण या कामात ती पात्रता आहे.

वाद हाताळण्याची पद्धत

नेहमी घडणारा एक प्रकार घेऊ. तिसरीतील स्वमग्न मुलगा दुपारी ओरडतो आणि शेजारच्या मुलाला ढकलतो. इतर पालक तक्रार करतात. मुख्याध्यापक वडिलांना ‘याला विशेष शाळेत टाका’ असे सुचवतात आणि वडील चिडून दाखलाच मागतात. अशा वेळी सर्वांना एका खोलीत बसवण्याची घाई करू नये. पहिल्या फेरीत प्रत्येकाला स्वतंत्र भेटावे, आणि आईला तर नक्कीच वडिलांपासून वेगळे, कारण सर्वांसमोर ती फारसे बोलत नाही. त्याच काळात आठवडाभर वर्गशिक्षकाकडून नोंद घ्यावी : घटना किती वाजता घडली, त्याआधी लगेच काय झाले आणि त्यानंतर मुलाला काय मिळाले. अशा नोंदीतून अनेकदा दिसते की ओरडणे ‘दुपारी’ नसून पोषण आहाराच्या घंटेच्या आणि रांगेच्या गोंगाटाच्या वेळी आहे. एवढे कळल्यावर वाद मुलाच्या स्वभावाचा उरत नाही, दहा मिनिटांच्या व्यवस्थेचा होतो.

मग एकत्र बैठक घ्यावी. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करावी की मुलाला शाळेतून काढणे हा चर्चेचा विषय नाही, कारण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने शाळांवर भेदभावाविना प्रवेश देण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि लक्षणीय (किमान ४० टक्के) दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. विशेष शाळा निवडायची की नाही हे कुटुंबाने ठरवायचे. त्यानंतर जे खरोखर ठरवण्यासारखे आहे तेच ठरवावे. मुलाला घंटेआधी पाच मिनिटे जेवायला बसवणे, ढकलण्याची खूण दिसताच कोणी काय करायचे, वडिलांना शाळेतून फोन कोणत्या प्रसंगी जाईल आणि कोणत्या प्रसंगी जाणार नाही. हे पंधरा दिवसांसाठी लिहावे, सह्या घ्याव्यात आणि पुढच्या बैठकीची तारीख त्याच कागदावर टाकावी. मूल खोलीत असेल तर ते समजत नाही असे गृहीत धरून त्याच्याविषयी बोलू नये. तक्रार करणाऱ्या पालकांना शाळा व्यवस्थापन समितीतून उत्तर द्यावे, पण मुलाच्या निदानाची चर्चा त्यांच्यासमोर करू नये.

येथे एक मर्यादा मान्य करायला हवी. शाळेच्या पगारावर असलेला विशेष शिक्षक शाळा आणि पालक यांच्या वादात पूर्णतः त्रयस्थ नसतो. लहान बाबींत त्याने आपली भूमिका सांगून मध्यस्थी करावी, परंतु शाळेने सवलत नाकारली किंवा प्रवेश नाकारला असा आरोप असेल, तर बाजूला होऊन पालकांना लेखी तक्रारीचा मार्ग दाखवावा. तो मार्ग शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुढे पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जातो.

काही बाबी मिटवायच्याच नसतात. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. मूल बोलू शकत नाही, साक्ष कशी देणार, गावात बदनामी नको, असे सांगून चार माणसे प्रकरण थांबवू पाहतात. अशा बैठकीला जाऊच नये. शाळेतील मारहाणीलाही शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मनाई आहे.

मध्यस्थीचे औपचारिक शिक्षण

महाराष्ट्राला गावपातळीवरील तडजोड नवी नाही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली, आणि त्या समित्यांत काम केलेली माणसे आजही अनेक गावांत भेटतात. त्यांच्याकडून माणसे बोलावण्याची रीत शिकावी. निकाल देण्याची सवय मात्र घेऊ नये, कारण मध्यस्थ निर्णय देत नाही.

न्यायालयीन मध्यस्थांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने चाळीस तासांचे प्रशिक्षण रूढ केले आहे आणि त्यात प्रामुख्याने वकील असतात. शिक्षकासाठी सोपी सुरुवात म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करणे. त्याला मानधन मिळते, पगार नव्हे. मध्यस्थता अधिनियम, २०२३ मध्ये परिसरातील वादांसाठी तीन मध्यस्थांच्या सामुदायिक मध्यस्थीची कल्पना आहे, पण या कायद्याची सर्व कलमे एकाच वेळी लागू झालेली नाहीत, त्यामुळे प्राधिकरणात सद्यःस्थिती विचारावी. याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने अल्पवयीन मुले आणि बौद्धिक दिव्यांग व्यक्ती यांच्याविरुद्धचे दावे, तसेच फौजदारी गुन्ह्यांचे खटले साधारणपणे मध्यस्थीबाहेर ठेवले आहेत. आपल्या क्षेत्रातील माणसाने ही अनुसूची मुळातून वाचलीच पाहिजे. केवळ मध्यस्थीवर आपल्या जिल्ह्यांत उपजीविका होईल असे मला वाटत नाही. शिक्षकाच्या नोकरीला जोड म्हणूनच तिचा विचार करावा.

न्यायालयातील विशेष शिक्षक

या दोन्ही कौशल्यांचा मेळ जिथे बसतो ते काम फारसे कोणाला ठाऊक नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात दिव्यांग मुलाचा जबाब किंवा साक्ष नोंदवताना पोलीस, दंडाधिकारी आणि विशेष न्यायालय यांना विशेष शिक्षकाची मदत घेता येते. त्यासाठी वर सांगितलेल्या २०१२ च्या कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने विशेष शिक्षक, दुभाषे आणि अनुवादक यांची नोंदवही ठेवायची असते. येथे वाद मिटवायचा नसतो. मुलाचे म्हणणे त्याच्याच खुणांतून आणि त्याच्याच बोलीत, आपल्या पदरचे काही न घालता पोहोचवायचे असते.

या नोंदवहीत नाव येण्यासाठी कक्षाकडे करायचा अर्ज साधा असतो. नोंदणी प्रमाणपत्र, पदवी आणि ओळखपत्राच्या प्रती जोडाव्यात, कोणत्या प्रकारच्या अक्षमतेच्या मुलांबरोबर किती काळ काम केले ते लिहावे आणि येणाऱ्या बोलींची यादी द्यावी. परिषदेच्या नोंदणीचे ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांचे गुण लागतात. नूतनीकरण झाले की त्याची प्रत कक्षात नेऊन द्यावी, कारण मुदत संपलेल्या क्रमांकावर बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत पहिलाच प्रश्न विचारू शकतो.