तापाची गोळी आणि सर्दीची गोळी: आधी पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा

अंगात ताप म्हणून डोलो ६५०, नाक गळतंय म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली सर्दीची गोळी, आणि कंबर धरली म्हणून घरात पडलेली कॉम्बिफ्लाम. नावं तीन, पण पॅरासिटामॉल हे ताप-दुखीचं औषध बहुधा तिन्हींत. डोलोत ६५० मिलिग्रॅम, कॉम्बिफ्लाममध्ये ३२५, सर्दीच्या गोळ्यांत बरेचदा ५००. दिवसात डोलो चार वेळा आणि बाकीच्या दोन्ही तीन-तीन वेळा घेतल्या, तर बेरीज ५,००० च्या वर जाते. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,००० आहे. रोज दारू पिणाऱ्याची किंवा लिव्हरचा त्रास असलेल्याची त्याहून कमी, ती डॉक्टरांनाच विचारा.

जास्त पॅरासिटामॉलने लिव्हर खराब होऊ शकतं. खरी भीती ही की पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, थोडी मळमळ, बस्स. कावीळ दोन-तीन दिवसांनी दिसते. उतारा मात्र आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून डोस जास्त झाल्याची शंका आली की त्रास व्हायची वाट पाहू नका. रिकामी पाकिटं घेऊन थेट दवाखाना गाठा.

घरात कुणी हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर कॉम्बिफ्लाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. तिच्यात पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन हे दुखणं कमी करणारं औषधही असतं, त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.