लहान पोरांच्या टीमला गोल मारायला कसं शिकवायचं आणि त्यांची गोडी कशी टिकवायची

कोल्हापुरात फुटबॉल काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार या पेठांतल्या तालीम-मंडळांच्या टीममध्ये मॅच लागली की शाहू स्टेडियम भरतं आणि गॅलरीत मोठ्यांच्या खांद्यावर बसलेली सहा-सात वर्षांची पोरंही घसा फोडून ओरडत असतात. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, त्यामुळे इथल्या पोराला ते स्वप्न लांबचं वाटत नाही. तर असं पोर नवे बूट घालून तुमच्याकडे येतं ते गोल मारायला येतं, आणि बहुतेक ठिकाणी आपण काय करतो तर त्याला रांगेत उभं करतो.

जरा हिशोब करा. १६ पोरं, एक गोलपोस्ट, एक रांग. एका किकला १५ सेकंद धरले तरी एका पोराची पाळी चार मिनिटांनी येते, म्हणजे २० मिनिटांच्या शूटिंग प्रॅक्टिसमध्ये त्याच्या वाट्याला पाच किक, त्यातल्या दोन वर जाणार आणि एक बाजूला. बाकीचा वेळ पुढच्याचा टी-शर्ट ओढण्यात जातो आणि मग आपण म्हणतो पोरं लक्ष देत नाहीत. सहा ते दहा वयाच्या टीमला गोल होत नाहीत याचं माझ्या मते पहिलं कारण हेच आहे, किका कमी पडतात. पोरं कंटाळून यायची बंद होतात तेही यामुळेच. एकच औषध दोन्हीला लागू पडतं.

म्हणून आधी गोलपोस्ट वाढवा. प्लास्टिकचे दोन कोन किंवा दोन चपला ठेवल्या की दोन पावलांचा गोल तयार, असे नऊ-दहा गोल ग्राउंडभर मांडा. जोड्या पाडा, गोलच्या एका बाजूला एक पोर, दुसऱ्या बाजूला दुसरं, बॉल मधून पास करायचा, पाच झाले की पळत जाऊन दुसरा रिकामा गोल पकडायचा. कोणी उभं राहत नाही आणि दहा मिनिटांत प्रत्येकाचा पाय ४०-५० वेळा तरी बॉलला लागतो.

मग छोट्या मॅचेस. तीन विरुद्ध तीन, साधारण २५ बाय २० मीटर जागा, आणि दोन्ही टोकांना एक-एक नाही तर दोन-दोन छोटे गोल, कीपर नाही. गोल जवळूनच मारायचा, पाच-सहा मीटरवर एक लाईन आखा आणि तिच्या आतून मारलेलाच गोल धरा, नाहीतर ताकदीचं पोर लांबून बदड बदड बदडतं. दोन गोल असले की एकीकडे गर्दी झाली तर दुसरीकडे मोकळं असतं हे पोराला दिसायला लागतं, मान वर होते, सांगावं लागत नाही. जर्मनीत २०२४-२५ च्या सीझनपासून लहान वयोगटांना अशाच छोट्या टीम आणि छोट्या गोलच्या पद्धतीने खेळवणं बंधनकारक केलंय, आणि आपण इकडे आठ वर्षांच्या पोराला ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोलमध्ये उभं करतो, बिचाऱ्याचा हात वरच्या दांड्याच्या जवळपाससुद्धा जात नाही, डोक्यावरून बॉल गेला की गोल. त्यात मारणाराही काही शिकत नाही.

बॉलचा साईज बघा. साधारण आठ वर्षांपर्यंत ३ नंबर, त्यानंतर बारापर्यंत ४ नंबर. ५ नंबरचा जड बॉल मारून पोराचा पाय दुखतो आणि मग ते किक मारायलाच बिचकतं. हेडिंग या वयात नकोच, अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना हेडिंग बंद आहे आणि इंग्लंडमध्येही प्राथमिकच्या पोरांना प्रॅक्टिसमध्ये हेडिंग न देण्याची सूचना आहे.

आता प्रत्यक्ष किक. बहुतेक पोरं अंगठ्याने मारतात. ओरडू नका, जवळ जाऊन बसा आणि त्याचा टेकलेला पाय बघा, मारणारा नाही, टेकलेला. तो बॉलच्या फार मागे असला की अंग मागे झुकतं आणि बॉल आभाळात जातो. टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, वीतभर अंतर, त्याचा अंगठा गोलकडे. मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट. जवळून मारायचं तर पायाची आतली बाजू, लांबून तर बुटाच्या लेसवर बॉल बसला पाहिजे. एका वेळी यातली एकच गोष्ट सांगा, आज टेकलेला पाय तर आज फक्त टेकलेला पाय, चार सूचना एकदम दिल्या की पोर बॉलकडे धावता धावता मध्येच थांबतं.

आणि शॉट मारून झाला की पोरं बघत उभी राहतात ही सगळीकडची गोष्ट आहे. कीपरच्या हातातून बॉल सुटतो, समोर पडतो, आणि आपले तिघं फॉरवर्ड पुतळे. यावर एक नियम करून टाका, परत आलेल्या बॉलवर मारलेल्या गोलला दोन पॉइंट. लेक्चर द्यायची गरज पडत नाही, त्याच संध्याकाळी पोरं शॉटच्या मागे पळायला लागतात. या वयातले बरेच गोल असेच गोलसमोरच्या गोंधळात होतात.

कीपर रोज बदला, जागाही बदला. जाडसर आहे म्हणून कायमचा कीपर आणि हळू पळतो म्हणून कायमचा डिफेंडर असं करू नका, दहाव्या वर्षी कोण पुढे काय होणार हे कुणालाच कळत नाही. मुलगी टीममध्ये असेल तर तिलाही फॉरवर्डला खेळवा, तिला बॉल कोणी देत नसेल तर छोट्या मॅचमध्ये नियम लावा की तिघांचाही पाय लागल्याशिवाय गोल धरणार नाही.

स्कोअर फार एकतर्फी व्हायला लागला, तीन गोलचा फरक पडला, की हरणाऱ्या टीमला एक पोर जास्त द्या. जिंकणाऱ्यांनाही खरी झुंज मिळते आणि हरणाऱ्यांचे चेहरे पडत नाहीत. शाबासकी द्यायची ती गोलला देऊच, पण नेमकी द्या. नुसतं ‘भारी’ म्हणण्यापेक्षा ‘मान वर करून डावीकडचा गोल बघितलास ना, म्हणून झाला’ असं म्हटलं की पोर पुढच्या वेळी पुन्हा मान वर करतं. चुकलेल्या किकवर काहीच बोलायचं नाही, फक्त दुसरा बॉल लगेच पुढे सरकवायचा.

पालकांशी मात्र स्पष्ट बोलायला लागतं. गोलसमोर आलेलं पोर बॉलवर पाय ठेवून बापाकडे बघतं हे मी कित्येकदा बघितलंय, कारण बाहेरून ‘मार मार मार’ आणि दुसरीकडून ‘पास दे रे’ चालू असतं, तेवढ्यात समोरचा बॉल काढून नेतो. सीझनच्या सुरुवातीलाच पालकांना गोळा करा आणि हात जोडून सांगा की टाळ्या वाजवा, नावं घेऊन ओरडा, पण सूचना नको. घरी जाताना गाडीवर मॅचची चिरफाड पण नको, आधी पोराला काहीतरी खायला द्या, त्याला बोलायचं असेल तर ते आपणहून बोलेल. कोच म्हणून तुम्हालाही हेच लागू आहे, मॅच झाल्यावरचं भाषण दोन मिनिटांत संपवा.

बॉल कमी आहेत ही अडचण बहुतेक तालमीत असतेच. प्रत्येक पोराला आपापला बॉल आणायला सांगा, रबरी असला तरी चालतो, आणि ज्याला जमत नाही त्याला मंडळाचा द्या, सगळ्यांसमोर विचारू नका. घरी करायला एकच काम द्या, भिंतीवर डाव्या पायाने ५० किका, डावखुरा असेल तर उजव्याने. आमच्या पेठेत भिंतींना तोटा नाही, फक्त शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा.