25 माणसांचे रोडगे, आपल्याच वावरात

रोडगे म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले थराथरांचे गोळे. रोडग्यांना माणसं जेवायला बोलावू नका, कामाला बोलवा. दुपारी 2 वाजताच या म्हणून सांगा. रात्री आयत्या पंगतीवर बसलेला माणूस जेवून निघून जातो. आगटीजवळ, म्हणजे गोवऱ्या पेटवलेल्या खड्ड्याजवळ, बसून रोडगे उलटलेला माणूस पुढच्या आठवड्यात तुमची तूर सोंगायला (कापायला) न सांगता येतो. माझ्या चार एकरांतलं हिवाळ्याचं निम्मं काम असंच उरकतं, म्हणून हे मनापासून सांगतो.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यातलं. सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा डिसेंबरच्या 20 तारखेच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. तिथल्या हंडीतल्या मटणाचा नि रोडग्यांचा वास नाकात बसला, की गावोगावच्या वावरांतूनही धूर निघायला लागतो. यात्रेतले रोडगे मीही खातो. पण आपल्या धुऱ्यावर (बांधावर), आपल्या माणसांत जे होतात त्यांची चव वेगळीच.

पहिल्यांदा दिवस ठरवा. पंपाची लाईन, म्हणजे वीज, आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या लाईनच्या आठवड्यात कार्यक्रम ठेवला की निम्मी माणसं ताटावरून उठून हरभऱ्याला पाणी द्यायला पळतात. म्हणून दिवसाच्या लाईनचा आठवडा धरा आणि त्यातला बाजाराचा दिवस. त्या दिवशी कापसाची वेचणी बंद असते, बायांना सवड असते, शिवाय सकाळच्या बाजारातून वांगी, लसूण, सांभार (कोथिंबीर) सगळं ताजं येतं. दुपारी एकाने जाऊन स्प्रिंकलरचे पाईप बदलून आलं की झालं.

25 माणसांना 6 किलो गहू दळा. किलोचे साधारण 9 रोडगे होतात. माणशी 2 धरले तरी देवाला नि बैलांना चार उरतात. बन्सी गहू मिळाला तर उत्तम, नाहीतर लोकवण चालतो. चक्कीवाल्याला नुसतं ‘रोडग्याचं दळण’ म्हणा, तो बरोबर जाडसर काढून देतो. पोळीच्या बारीक पिठाचे रोडगे चिवट होतात आणि आत चिकट राहतात. घरी बारीकच पीठ असेल तर 4 किलो पिठात 2 किलो रवा घाला.

किलोला 100 ग्रॅम तेल कडक तापवून पिठावर ओता. मीठ, हातावर चोळलेला ओवा, थोडी हळद घाला. मग दोन्ही हातांनी पीठ चोळत राहा. मूठभर पीठ दाबलं की त्याची मूठ वळली पाहिजे. वळली नाही तर मोहन कमी पडलं. पाणी हात राखून घाला, गोळा पोळीच्या कणकेपेक्षा बराच घट्ट हवा. 6 किलो पीठ एका कोपरात (परातीत) मावत नाही, दोन कोपरं घ्या नि मनगटात जोर असलेली दोन माणसं बसवा. मळून झालं की ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवा.

आता गोवऱ्या. माझ्या मते अर्धे रोडगे इथेच बिघडतात. एवढ्या रोडग्यांना 60 ते 70 गोवऱ्या लागतात आणि त्या खडखडीत वाळलेल्या हव्यात. एक मोडून पाहा, कट्‌कन तुटली पाहिजे. ओल धरलेली गोवरी धुमसत राहते आणि तिचा कडूपणा रोडग्यात उतरतो. नुसत्या पऱ्हाटीवर (कापसाच्या वाळक्या झाडांवर) भाजू म्हणाल तर ती भडकते नि बघता बघता विझते. बाभळीचा कोळसा एकाच जागी जाळतो. गोवरीचा विस्तव मऊ, तो राखेखाली तासभर ऊब धरून बसतो. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, तशा गोवऱ्याही मिळेनाशा झाल्या. मी माझ्या जोडीच्या नि गायीच्या शेणाच्या दिवाळीपासूनच थापून कोठ्यात (गोठ्यात) रचून ठेवतो. तुमच्याकडे जनावर नसेल तर प्रत्येकाला घरून पाच-पाच आणायला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आगटीसाठी वीतभर खोल खड्डा घ्या, तीन हात लांब नि दोन हात रुंद. वारा कुठून येतो ते पाहूनच जागा धरा. तुरीची गंजी, कडबा, वेचलेला कापूस वाऱ्याच्या दिशेला असता कामा नये. तीन वर्षांपूर्वी माझी चूक झाली. कापसाचं एक गाठोडं मांडवाजवळ राहिलं होतं, त्यात एक ठिणगी शिरली. वरून काहीच दिसलं नाही, कारण कापूस आतल्या आत जळत जातो. रात्री 10 वाजता वास आला म्हणून गाठोडं सोडलं, तर मधोमध काळं भोक. बायांनी दिवसभर वाकून वेचलेला वीसेक किलो माल गेला. तेव्हापासून आगटीच्या चारही बाजूंनी पाणी शिंपतो आणि भरलेल्या दोन बादल्या जवळ ठेवल्याशिवाय काडी ओढत नाही.

साडेतीनला आगटी पेटवा. खाली थोडी तुराटी (तुरीच्या वाळक्या काड्या), वर गोवऱ्या उभ्या-आडव्या रचायच्या, मध्ये हवा खेळली पाहिजे. ती पेटते तोवर ताडपत्रीवर रोडगे वळायला बसा.

लिंबाएवढी गोळी तळहातावर दाबून चपटी करा, वर तेलाचं बोट फिरवा, चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरा. तिच्याहून मोठी पुरी थापून पहिली तिच्या पोटात गुंडाळा. परत तेल, परत पीठ, परत मोठी पुरी. चार थर झाले की मध्यम संत्र्याएवढा गोळा होतो. तो हलका दाबून घ्या आणि शेवटची शिवण नीट चिमटून बंद करा, नाहीतर राख आत शिरते. आतली गोळी करायचं काम पोरांना द्या. त्यांचे हात लहान असतात, गोळ्या एकसारख्या येतात आणि पोरं आगटीपासूनही लांब राहतात.

भाजायची घाई मात्र करू नका. पहिल्या वर्षी मी ज्वाळा असतानाच रोडगे टाकले. वरून कोळसा, आत कच्चं पीठ, आणि समोर भुकेली माणसं. शेजारच्या वावरातल्या काकाजींनी तेव्हा माझा हात धरला होता. “धूर हाये तवरीक हात आवर लेका,” म्हणाले. आजही आगटी त्यांनी पाहिल्याशिवाय मी रोडगा टाकत नाही. धूर पूर्ण गेला पाहिजे, खाली लाल निखारा नि वर पांढऱ्या राखेचा पापुद्रा दिसला पाहिजे. तळहात वीतभर वर धरून सावकाश पाचपर्यंत मोजा. तीनलाच हात ओढावा लागला तर विस्तव अजून कडक आहे, थांबा.

मग निखारे सारखे पसरून रोडगे शिवण खाली करून मांडा. वीसेक मिनिटं कोणीही जागा सोडायची नाही. चिमट्याने किंवा दोन तुराट्यांनी सगळ्या अंगांनी फिरवत राहा. कवच कडक होऊन टिचकी मारल्यावर खट् वाजलं की पहिला टप्पा झाला. निखारे बाजूला ओढा, रोडगे गरम राखेत पुरा, निखारे परत वर सारा आणि अर्धा-पाऊण तास हात लावू नका. वरची राख सारून पाहिल्यावर बहुतेकांना तडे गेलेले दिसले की काढायला घ्या.

या पाऊण तासात चुलांगणावर भाजी होते. 5 किलो वांगी, बारकी, काटेरी देठाची. बाया पावशीवर (विळीवर) चिरतात, चिरलेली लगेच मिठाच्या पाण्यात. मोठ्या गंजात (पातेल्यात) तेल सढळ हाताने ओता. कांदा, लसूण, आलं, भाजलेलं सुकं खोबरं, शेंगदाणे, तीळ, धणे पाट्यावर वाटलेले असले तर वासानेच कळतं. मसाला तेल सोडेपर्यंत परता, मगच तिखट नि वांगी. दोन ओंजळी तुरीचे ताजे सोले (सोललेले हिरवे दाणे) घाला, हिवाळ्यात ते वावरातच असतात. पाणी उकळतंच ओता, गार पाण्याने तर्री येत नाही. वरण साधंच, दीड किलो तुरीची डाळ, हिंग, हळद, मीठ. भाजी झणझणीत असते, वरणाने तिला सांभाळायचं.

रोडगे निघाले की स्वच्छ पोत्यात घाला. दोघांनी दोन टोकं धरून झोके द्यायचे, राख झडून जाते. पहिला मारुतीच्या नावाने बाजूला ठेवा, दोन बैलांना. मग एक हातात घेऊन शिवणीत अंगठे घाला आणि फोडा. आतून वाफ उसळते, ओव्याचा वास येतो, कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर सुटे होतात. मधली गोळी कोरडी दिसली पाहिजे. बोटाला चिकटली तर बाकीचे परत दहा मिनिटं राखेत टाका. फोडलेल्या रोडग्यावर तूप तो गरम असतानाच ओता, थरांत मुरतं. तुपात हात आखडू नका, किलोभर लागतंच.

आमच्याकडे पूर्वी रोडगे म्हणजे पुरुषांचाच कार्यक्रम असायचा. मी ते बदललं. वर्षभर माझा कापूस वेचणाऱ्या बाया पहिल्या पंगतीला बसतात, वाढायला आम्ही. अंधारही लवकर पडतो, साडेपाच-सहाला पहिली पंगत उठली की त्या उजेडात घरी पोचतात. तुम्हीही असंच करा.

जेवणं झाली तरी आगटीत ऊब असते. तिथे हरभऱ्याचे घाटे डहाळ्यासकट टाका, हुळा (भाजलेला हिरवा हरभरा) होतो. गप्पा तिथेच रंगतात आणि पुढच्या आठवड्याची कामंही तिथेच ठरतात, कोणाची तूर आधी, थ्रेशर कोणाचं. उरलेले रोडगे सकाळी कुस्करून गूळ नि तूप घालून पोरांना द्या.

निघताना राखेवर दोन्ही बादल्या ओता, काठीने उकरा, परत ओता. हात घालून गार लागली तरच वावर सोडा. पुढचे रोडगे काकाजींच्या वावरात आहेत, तूर निघाल्यावर. वांगी त्यांची, गोवऱ्या माझ्या.